मास्तरांचे जपानी बूट

मास्तरांना मी बुटात पाहिलं ते एकदाच, आणि तेही जपानात. एरवी घरापासून खात्याच्या दारापर्यंत चपला आणि दाराच्या आत अनवाणी. आमच्या सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला खातं म्हणतात आणि तिथल्या मशिनी सांभाळणाऱ्या मुख्य मिस्त्रीला मास्तर. आमचं खातं शहराबाहेर, सचिन गावाला. पाण्याच्या धारेने आडवा धागा मारणाऱ्या जपानी मशिनी, त्यामुळे फरशी बारा महिने ओली. त्या फरशीवरून मास्तर पँट दोन घड्या वर करून संथ चालत. मध्येच एखाद्या मशिनीपाशी थांबून तिच्या अंगावर हाताचा तळवा ठेवत आणि कारागिराला खुणेने सांगत, बंद कर, बेअरिंग गेलंय. उघडून पाहिलं की ते गेलेलंच असायचं. मशिनी चालू असल्या की खात्यात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. तिथला सगळा कारभार हाताच्या खुणांवर आणि ओठांच्या हालचालींवर चालतो.

अनवाणी का फिरता, असं विचारलं की म्हणायचे, "देऊळमा चपला घालतस का?" आम्ही समजलो, माणूस देवभोळा आहे.

मागून हाक मारली तर मास्तर ओ देत नसत. आम्ही म्हणायचो, गुर्मी आहे. समोरच्याला खांद्याला धरून उजेडाकडे वळवायचे, त्याच्या तोंडाकडे टक लावायचे आणि मगच त्याचं ऐकायचे. आम्ही म्हणायचो, संशयी आहेत. फोन त्यांनी कधी कानाला लावला नाही. "फोनमा मानूस दिखस नही, त्याना भरोसा काय?" आम्ही म्हणायचो, अडाणी आहेत. टपरीवर ते 'अर्धा' म्हणाले की पलीकडच्या टपरीवरचा माणूसही अर्धा चहा ओतायला घ्यायचा. एकंदरीत आम्ही पुष्कळ काही म्हणायचो.

मला ते 'डिप्लोमा' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते वापरण्याइतकं मी काही करून दाखवलं नव्हतं. त्यांचं गाव अमळनेरकडचं, माझं पारोळ्याकडचं, आणि सुरतेत दोघांची घरं गोडादऱ्यात. त्यामुळे माझ्याशी ते घरच्यासारखं अहिराणीत बोलायचे, म्हणजे घरच्यासारखं ओरडायचे. मला बसल्याबसल्या पाय हलवायची सवय आहे. मनात चलबिचल झाली की उजवा पाय आपोआप शिवणयंत्र चालवायला लागतो. एकाच बाकावर बसलेलो असलो की मास्तर माझ्याकडे न बघता सांगायचे, "डिप्लोमा, पाय हालावू नको." यांना कसं कळतं, याचा मी कधी विचार केला नाही. डिप्लोमाला तो विषय नव्हता.

जपानबद्दल मास्तरांचा अधिकार मोठा होता. बावीस वर्षं जपानी मशिनी उघडल्याने तो देश आपण आतून पाहिलाय, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. "जपानी मानूस खोटं बोलस नही. त्याना नट दख. बोटवर अर्धा बसस." नट बोटाने अर्धा बसला की देश सरळ, पहिल्याच आट्याला अडला की देश लबाड. अमेरिकेबद्दल त्यांना काही मत नव्हतं, कारण अमेरिकेचा एकही नट त्यांच्या हाती आला नव्हता. मशिनीबरोबर आलेलं जपानी माहितीपुस्तक त्यांनी कधी वाचलं नाही. दसऱ्याला मात्र त्याला हळदकुंकू व्हायचं.

मग शेठने दुसरी शेड बांधली आणि तिच्यासाठी नव्या मशिनी घेतल्या. त्या बनवणाऱ्या कंपनीने दोन माणसं दहा दिवसांच्या शिकवणीला बोलावली. मास्तर आणि मी, असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी शेठने मला एकट्याला केबिनमध्ये घेतलं. टेबलावर एक बोन्साय होतं, भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र. मशिनींची ऑर्डर दिल्यापासून शेठ मनाने टोकियोतच राहायला गेले होते.

"जो भाई," ते म्हणाले, "मास्तर जूना थई गया. नवी शेडमां चालशे के नहीं, ए तुं जोईने मने चोख्खुं कहेजे."

म्हणजे माझ्या एका शब्दावर मास्तरांना नवी शेड मिळणार किंवा हार-नारळ मिळून ते घरी बसणार. आणि मास्तर घरी बसले तर नवी शेड कोणाची, हे शेठने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझा पाय टेबलाखाली सुरू झाला होता. खोटं कशाला सांगू, त्या रात्री झोपताना मी मनातल्या मनात नव्या शेडमध्ये दोन फेऱ्या मारून आलो.

जपानची तयारी मी व्हिडिओ बघून केली. कोणापुढे पंधरा अंशात वाकायचं, कोणापुढे तीस आणि माफी मागताना पंचेचाळीस, हे सगळं वहीत उतरवलं. मास्तरांनी तयारी म्हणून कळण्याचं पीठ, बिबड्या आणि काळा मसाला बांधून घेतला. विमानतळावर उतरलो आणि तिकिटाच्या यंत्रातून एक बाई गोड आवाजात काहीतरी म्हणाली. मी घाईत यंत्रापुढे तीस अंशात वाकलो. मास्तर शांतपणे म्हणाले, "तू पाया पडना. आते आशीर्वाद कोन दी, हाऊ डबा?"

आशीर्वादाचं मास्तरांना फार होतं. आपल्यापुढे कोणी वाकला आणि आपण हात वर केला नाही तर त्याचं पाप आपल्याला लागतं, ही त्यांची घरची शिकवण. आणि जपानात तर जो तो वाकतो. हॉटेलच्या दारात दोन मुली वाकल्या, मास्तरांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हाय, माय." सामान उचलणारा वाकला, त्याला दिला. दुकानदार वाकला, त्याला दिला. आशीर्वाद मिळाल्यावर तो गडबडून पुन्हा वाकला, म्हणून मास्तरांनी पुन्हा दिला. हे बराच वेळ चाललं. शेवटी मी मास्तरांना ओढून बाहेर काढलं. चौथ्या दिवशी हॉटेलातल्या त्या दोघींपैकी एक वाकायच्या आधी डोक्यावरची टोपी काढून ठेवायला लागली.

रेल्वेत बसलो तर डबा भरलेला आणि आवाज शून्य. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खात्यातल्या आवाजात मला विचारलं, "इतला लोके, एक भी बोलस नही. बठ्ठास्ना झगडा व्हयना का?" सगळा डबा आपापल्या बुटांकडे बघू लागला. मी वहीतले पंचेचाळीस अंश डब्याच्या चारही दिशांना वापरले. मनात म्हटलं, शेठचं बरोबर आहे, हा माणूस कुठे न्यायच्या लायकीचा नाही.

त्यांना आवडली ती एकच गोष्ट. हॉटेलात आत शिरताना चपला काढाव्या लागत. "ह्या लोके चपला काढतस! देश चांगला शे." मग आत घालायला वेगळ्या सपाता दिल्या, आणि संडासात घालायला आणखी वेगळ्या. मास्तरांनी दोन्ही जोड सन्मानाने बाजूला ठेवले. काढून परत घालायच्या तर काढल्या कशाला, या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हतं. एक मात्र ते तिथे शिकले. काढलेला जोड टाचा जुळवून, तोंड बाहेर करून ठेवायचा. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की माझेही बूट वळवून ठेवू लागले.

शिकवणीच्या हॉलमध्ये मात्र उलटा प्रकार झाला. दाराशी जाड रबरी तळाचे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट मांडून ठेवले होते. दुभाषी बाई हिंदी पुस्तकातून शिकलेली होती. ती म्हणाली, "कृपया पादत्राण धारण करें।" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी बुटांकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. शिकवणारा म्हातारा सत्तरीला आलेला, बारीक, केस पांढरे स्वच्छ. तो आणि बाई, दोघांच्याही तोंडाला मास्क. म्हातारा हळू आवाजात जपानी बोलायचा, बाई त्याहून हळू हिंदी बोलायची आणि मास्तर दोघांकडे बघून जोरात "हाय! हाय!" म्हणायचे. जपानीत त्याचा अर्थ हो. तेवढं एक जपानी त्यांना आलं होतं.

तीन दिवस मास्तरांना काही म्हणजे काही जमलं नाही. डावीकडचा बोल्ट सांगितला की उजवीकडचा धरायचे. चालू मशिनीपाशी बूट घालून उभे राहायचे आणि हरवल्यासारखे बघायचे. ज्या माणसाने बावीस वर्षं न उघडता आजार सांगितले, त्याला इथे समोर ठेवलेला बिघाड दिसत नव्हता. मी वहीत शेठसाठी लिहीत होतो: लक्ष देत नाहीत. सांगितलेलं ऐकत नाहीत. नवीन शिकायची इच्छा नाही. लिहिताना बरं वाटत होतं, हेही लिहायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही हॉटेलच्या खोलीत चटईवर न्याहारीला बसलो होतो. मास्तर माझ्याकडे पाठ करून भाताच्या वाटीत काळा मसाला कालवत होते. एकदम माझा फोन किंचाळला. शेजारच्या खोल्यांमधले फोन किंचाळले, व्हरांड्यातला भोंगा वाजला. भूकंपाची सूचना. मी धडपडून उभा राहिलो, माझ्या हातून वाटी पडली. मास्तर कालवत होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर त्यांचा स्वतःचा फोन बोंबलत होता आणि त्यांची मान हलली नाही. मग क्षणभराने त्यांनी चमचा ठेवला, चटईवर तळवा टेकला आणि म्हणाले, "पोऱ्या, खाले काहीतरी चालू व्हयनं."

त्यानंतर खोली हलली. थोडीच हलली, कपाटाचं दार वाजण्याइतकी. भूकंपाला घाबरायचं मी विसरलो. मी मास्तरांच्या पाठीकडे बघत होतो आणि गुर्मी, संशयी, अडाणी, हे सगळे आमचे शब्द एकेक करून मला आठवत होते.

मी त्यांच्या समोर जाऊन बसलो, खिडकीच्या उजेडात. विचारलं, "मास्तर, कधीपासून?"

त्यांनी माझ्या ओठांवरून प्रश्न वाचला. "डावा कान कव्हयना गया," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "उजवा भी आते जाई ऱ्हायना. मशीन मी पायखाले आयकस. ह्या बूटमा काहीच येस नही."

"घरी माहीत आहे?"

"घरमा बठ्ठा बोलतस, मी नुसता दखस. खातामा कोन्हालेच आयकू येस नही. तठे मी बठ्ठासारखा शे." मग थांबून विचारलं, "शेठले सांगशी का?"

मला लाज वाटली. साधीसुधी नाही, अंगावरचा शर्ट जड व्हावा अशी. त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली, कारण माझी सांडली होती.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. बारा मशिनी एका रांगेत चालू, त्यातल्या एकीत म्हाताऱ्याने बिघाड करून ठेवलेला, तो शोधायचा. सगळ्यांच्या कानात बोळे. आधी माझी पाळी. मी प्रत्येक मशिनीचा पडदा वाचला, आकडे वहीत घेतले, पाऊण तास लावला आणि शेवटी अंदाजाने पाचवी म्हणालो. बरोबर निघालं. म्हाताऱ्याने मला पंधरा अंश दिले. मग त्याने बिघाड दुसरीकडे हलवला आणि मास्तरांना बोलावलं.

मास्तर बूट घालून रांगेतून एकदा गेले, एकदा आले. पुन्हा गेले. त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. मशिनींच्या पुढे जमिनीवर एक पिवळी रेषा होती. तिथे ते थांबले, खाली बसले आणि नाड्या सोडायला लागले. बूट काढले. मोजे काढून त्यात घातले. टाचा जुळवून, तोंड बाहेर करून जोड रेषेवर नीट ठेवला आणि अनवाणी आत गेले. नवव्या मशिनीपाशी थांबून तळवा ठेवला आणि ही, अशी खूण केली. मग परत येताना तिसरीपाशी थांबले, तिच्यावरही हात ठेवला आणि खूण केली, ही पण.

तोवर म्हाताऱ्याने लाल बटण दाबलं होतं. सगळ्या मशिनी थांबल्या. बिघाड नववीत होता. तिसरीत काही केलेलं नव्हतं. म्हाताऱ्याने ती स्वतः उघडली आणि आतलं बेअरिंग काढून उजेडात धरलं. ते नुकतंच झिजायला लागलं होतं. कंपनीच्याच हॉलमधली, कंपनीचीच मशीन.

मग म्हातारा मास्तरांसमोर आला आणि वाकला. पंचेचाळीसच्याही खाली, पार कमरेत. वाकलेलाच राहून काहीतरी बोलला. दुभाषी बाईने मास्कच्या आतून हलक्या आवाजात भाषांतर केलं, "आपके चरण उत्तीर्ण हुए हैं, परंतु नियम भंग हुआ है, अतः आप अनुत्तीर्ण हैं। हमें गहरा खेद है।" ते ऐकलं फक्त मी. मास्तरांनी या वेळी आशीर्वादाचा हात वर केला नाही. म्हातारा वयाने मोठा होता. ते सरळ खाली वाकले आणि त्याच्या पायांना, म्हणजे बुटाच्या लोखंडी टोपीला, हात लावून तो कपाळाला लावला. "मानूस मोठा शे," मला म्हणाले. चेहरा उजळला होता. मला वाटलं, यांना आपण पास झालो असं वाटतंय. मी ते तसंच राहू दिलं.

निघताना कंपनीने आठवण म्हणून परीक्षेच्या वेळी काढलेला एक मोठा फोटो दिला. पिवळ्या रेषेवर ठेवलेले बूट, अनवाणी मास्तर आणि त्यांच्यापुढे कमरेत वाकलेला जपानी.

सुरतेला आल्यावर शेठने केबिनचं दार लावून विचारलं, "बोल. सर्टिफिकेट?"

माझं सर्टिफिकेट खिशात होतं. ते टेबलावर ठेवलं असतं तर नवी शेड माझी होती. मी फोटो ठेवला. म्हणालो, "शेठ, सर्टिफिकेट नव्या पोरांना देतात. मोठ्या मास्तरांपुढे ते असे वाकतात. आणि तिथे खरा मास्तर मशिनीपुढे बूट काढतो. जपानी पद्धत आहे." टेबलाखाली माझा पाय इतका हलत होता की बोन्सायची पानं थरथरत होती.

शेठने फोटो दोन्ही हातांनी उचलला. मग हळूच म्हणाले, "वाह. आ तो संस्कार कहेवाय." शेठच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते जपानसाठी होतं.

आठवड्याभरात नव्या शेडच्या दारात चपलांचं कपाट आलं. मास्तरांपासून कारागिरापर्यंत सगळे अनवाणी. फोटो चौकटीत जाऊन रिसेप्शनला लागला. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला सांगत, "जपाननो साहेब अमारा मास्तरने पगे लागे छे." व्यापारी बूट काढून, ओल्या फरशीवर मोजे भिजवत, जपानी शिस्तीचं कौतुक करत फिरत. पहिल्याच वर्षी एक मोठा पाना माझ्या उजव्या अंगठ्यावर पडला आणि अंगठा मोडला. लोखंडी टोपीचे बूट कशासाठी असतात, ते मला तेव्हा नीट समजलं. दुसऱ्या कोणाच्या पायावर पडला असता तर काय, या विचाराने मी नंतर शेठच्या मागे लागून कारागिरांना तरी बूट मिळवून दिले. शेठना मी म्हणालो, जपानात हल्ली नवीन पद्धत आलीय. अनवाणी राहिले ते फक्त मास्तर.

कारागिरांना बूट मिळायच्या आधी कंपनीचा एक तरुण जपानी मशिनी तपासायला आला होता. रिसेप्शनच्या फोटोपुढे तो बराच वेळ उभा राहिला. असं वाकणं कधी असतं, ते त्याला कळत असणार. मग दारातल्या चपलांकडे बघून त्याने मला हळूच विचारलं, ही भारतीय पद्धत आहे का? मी हो म्हणालो. त्याने आदराने बूट काढले, टाचा जुळवून, तोंड बाहेर करून ठेवले. आत मास्तरांसमोर वाकला आणि मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शेठ धन्य झाले.

मास्तरांनी नवी शेड तीन वर्षं चालवली आणि मागच्या दिवाळीत, आपल्या मर्जीने, साठी गाठून निवृत्त झाले. आता ती शेड माझ्याकडे आहे. मुलाने कोसाडला शांत जागी घर घेतलं, तिथे मास्तर महिनाभर राहिले आणि परत गोडादऱ्याच्या जुन्या खोलीत आले. त्या खोलीच्या खाली लूम चालतात. शेजारीपाजारी त्या खडखडाटाने वैतागलेले असतात. मास्तर फरशीवर सतरंजीसुद्धा न टाकता झोपतात. कोसाड का सोडलं, विचारलं तर म्हणाले, "तठली फरशी मुकी शे."

परवा गेलो होतो भेटायला. खोलीत देवांच्या फोटोशेजारी तोच फोटो, छोटा करून लावलेला. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. मास्तरांनी मला खांद्याला धरून खिडकीकडे वळवलं.

"डिप्लोमा, त्या बाबानी त्या दिन काय सांगं व्हतं?"

मी ओठ नीट उघडून, सावकाश म्हणालो, "पास म्हणाले, मास्तर. पहिला नंबर."

मास्तरांनी फरशीवर तळवा टेकला. क्षणभर तसाच ठेवला. "तू खोटं बोलना का तुन्हा पाय हालस," ते म्हणाले. "पास करनारा मानूस इतला वाकस नही, पोऱ्या. माले तव्हयच समजनं."

मी फोटोकडे बोट दाखवलं. मग हा कशाला लावलाय?

"मी नापास व्हयनू म्हनीसन एक मानूस कंबरमा वाकना," मास्तर म्हणाले. "आठे सुरतमा कोन वाकस?"

खाली लूम चालू होते. मी उठलो आणि त्यांच्यापुढे वाकलो. किती अंशात, ते या वेळी मोजलं नाही.